काळ्या जिभेचा टोस्ट

आईने मला लहानपणी दोन गोष्टी शिकवल्या. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर चपला दाराबाहेर काढायच्या, आणि त्या घरातल्या एखाद्या तरी वस्तूचं तोंड भरून कौतुक करायचं. "माणसं राबून वस्तू घेतात रे. कुणी बघितलंच नाही तर त्यांना वाईट वाटतं," असं ती म्हणायची. पहिल्या शिकवणीमुळे मी बहारीनमध्ये दोनदा दुसऱ्याच्या चपला घालून घरी आलो. दुसरीमुळे चेटक्या ठरलो.

तसा मी निरुपद्रवी माणूस. मनामातल्या एका विमा कंपनीत मोटारींच्या क्लेमचं काम बघतो. कुणी गाडी ठोकली की ती बघायला जातो, दोनचार फोटो काढतो, मान हलवतो आणि परत येतो. शुक्रवारी इथे सुट्टी. चर्चमध्ये मिस्सा झाली की संध्याकाळी आमचा प्रेयर ग्रुप भरतो. वसईकडची पंधरावीस कॅथलिक कुटुंबं आळीपाळीने एकमेकांच्या घरी जमतात, जपमाळ म्हणतात, नंतर चहा आणि पॅटिस. ग्रुपच्या लीडरला सगळे 'ब्रदर' म्हणतात. ब्रदरना बायको आहे, तीन मुलं आहेत, हमद टाउनमध्ये घर आहे. फक्त विनोदबुद्धी नाही. त्यांच्या राज्यात पत्ते बंद, तंबोला बंद, वाढदिवसाला सिनेमाची गाणी बंद. काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला तो बिनदारूचाच असणार, असं त्यांचं ठाम मत होतं.

आणि दिष्ट, म्हणजे नजर लागणं, हे मानणं तर साफ पाप. "आपला विश्वास प्रभूवर. मिरच्या-मिठावर नाही," असं ते दर महिन्याला बजावायचे. सगळे 'आमेन' म्हणायचे आणि घरी जाऊन मुलांवरून मिरच्या-मीठ ओवाळायचे.

सुरुवात ब्रदरांच्या गाडीपासून झाली. नवी कोरी, पांढरी. पार्किंगमध्ये मी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणालो, "काय चकचकीत आहे हो! दाढी करायला आरसा नको." शनिवारी हमद टाउनच्या एका राउंडअबाउटवर कुणीतरी मागून येऊन त्या आरशाला पोचा आणला. रविवारी क्लेम आला, आणि गाडी बघायला कंपनीने पाठवलं कुणाला? मलाच. ब्रदर गाडीशेजारी उभे होते. मला कॅमेरा घेऊन येताना बघून त्यांचा चेहरा असा झाला, जणू खून करून गेलेला माणूस मयताला फुलं घेऊन आलाय.

पुढच्या आठवड्यात एका ताईंचं नवं वॉशिंग मशीन पाहिलं. म्हणालो, "वा, अजिबात आवाज येत नाही!" दुसऱ्या दिवशीपासून खरंच आवाज येईना.

मग ऑगस्टच्या ऐन काहिलीत ब्रदरांच्या घरी जपमाळ होती. बाहेर अंगाला चिकटणारी दमट हवा, आत छान गार. मी सहज बोलून गेलो, "तुमच्याकडे आलं की महाबळेश्वरला आल्यासारखं वाटतं." जपमाळेच्या पाच रहस्यांपैकी तिसरं संपायच्या आत एसीने घरघर केली, एक उसासा टाकला, आणि खलास. उरलेली जपमाळ आम्ही घामाच्या धारांत म्हटली. कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं. पण न बघण्याचीही एक पद्धत असते.

ऑफिसमध्ये ही गंमत मी माझ्या बहारीनी साहेबांना सांगितली. ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि हिंदीत म्हणाले, "माशाल्ला नाही म्हणालास? कुठल्याही चांगल्या वस्तूला नुसतं छान म्हणतात का? आधी माशाल्ला म्हणायचं!"

"साहेब, मी ख्रिश्चन आहे."

"मग तुमच्यात जे काय म्हणतात ते म्हण. पण काहीतरी म्हण रे बाबा!" असं म्हणून त्यांनी टेबलावरचा आपला नवा फोन हळूच ड्रॉवरमध्ये ठेवला.

आता हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. नेतही होतो. पण त्याच सुमारास माझ्या भाचीचं लग्न ठरलं.

ही माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. इथल्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स. वसईहून आली तेव्हा पहिली काही वर्षं आमच्याकडेच राहिली. माझ्या मुलाला मराठी शिकवते म्हणाली आणि त्याच्याकडून इंग्रजी शिकून गेली. तिचे वडील ती शाळेत असतानाच गेले. नवरा मुलगा आमच्या प्रेयर ग्रुपमधलाच. त्याची आई म्हणजे ग्रुपमधल्या ब्रदरांच्या खालोखाल कडक बाई. लग्न इथल्या चर्चमध्ये, रिसेप्शन झल्लाकला समुद्राकाठच्या हॉटेलात. बहीण व्हिजिट व्हिसावर येणार होती.

एक दिवस भाची ड्युटीवरून थेट घरी आली. माझ्या ताटातला फुगा, म्हणजे आमच्याकडचा तळलेला गोल पाव, उचलून तोंडात टाकत म्हणाली, "मामा, टोस्ट तू उचलायचा."

आमच्या लग्नांत टोस्ट ही मोठी गोष्ट. केक कापला की घरातला एखादा मोठा माणूस हातात ग्लास घेऊन उभा राहतो आणि नवरा-नवरीचं कौतुक करतो. लोक केकची चव विसरतात, पण टोस्ट कुणी उचलला हे नातवंडांना सांगतात.

"मी? अगं, कुणीतरी चांगलं बोलणारा बघ."

"बाबा असते तर बाबांनी उचलला असता," ती म्हणाली. "आता तू आहेस." आणि दुसरा फुगा उचलला.

मी अख्खं ताट तिच्यापुढे सरकवलं. मी 'हो' म्हणालो.

आणि त्याच आठवड्याची जपमाळ होणाऱ्या विहीणबाईंकडे होती.

त्यांनी हॉलमध्ये नवा गालिचा घातला होता. लाल, दाट, पाय ठेवला की घोट्यापर्यंत बुडणारा. निघताना बायकोने मला बजावलं होतं, "आज तोंडाला कुलूप." मी मान डोलावली होती. पण विहीणबाई दारातच उभ्या, गालिच्याकडे बघत, कुणीतरी काहीतरी म्हणावं म्हणून. ती नजर मी ओळखतो. आईने शिकवलेलं वर आलं.

"काय मऊ गालिचा आहे हो! लोळावंसं वाटतं."

बायकोने डोळे मिटून घेतले.

जपमाळ सुरू झाली. सगळे गालिच्यावर गुडघे टेकून. थोड्या वेळाने वॉशिंग मशीनवाल्या ताईंनी कोपर खाजवलं. त्यांच्या शेजारणीने मान खाजवली. मग तिच्या पलीकडच्या बाईने आधी हळूच आणि मग जोरात पोटरी खाजवली. 'नमो मारिये' चालूच होतं, पण प्रत्येक 'आमेन'ला एक नवा माणूस खाजवू लागला. पुरुष पाठ दाराच्या चौकटीला घासू लागले. ब्रदर डोळे मिटून एका हाताने जपमाळ आणि दुसऱ्या हाताने मांडी, असा दुहेरी कार्यक्रम करत होते. मलाही खाज सुटली होती. पण मी खाजवलं असतं तर 'ढोंग करतोय' म्हणाले असते आणि खाजवलं नाही तर 'ह्याला कशी सुटत नाही' म्हणाले असते. मी मधला मार्ग काढला. मांडी घालून थोडा थोडा हललो.

"गालिचा!" कुणीतरी ओरडलं. सगळे गालिच्यावरून उठून फरशीवर उभे राहिले. तरी खाज थांबेना. जे उशिरा आले आणि ज्यांनी गालिच्याला पायसुद्धा लावला नव्हता, ते दारातच खाजवू लागले. ताईंनी दुपारी कोळंबी खाल्ली होती आणि त्यांना कोळंबी सोसत नाही, हे मागाहून कळलं. पण तेव्हा कोळंबीला कोण विचारतो?

विहीणबाई तडक किचनमध्ये गेल्या. सुक्या मिरच्या, मीठ, मोहरी. ब्रदरांसमोर! सगळ्यांवरून ओवाळलं आणि तव्यावर टाकलं. क्षणात असा ठसका उठला की आम्ही सगळे डोळे पुसत, खोकत जिन्याकडे धावलो. छतावरचा अलार्म कोकलू लागला. खालचे, वरचे, सगळे शेजारी रस्त्यावर आले. इजिप्शियन वॉचमन बादली घेऊन वर धावला आणि खोकत खाली आला.

रस्त्यावर उभं राहून मी अक्कल पाजळली. "बघा, आमची आई म्हणायची, मिरच्यांचा ठसका लागला नाही तर दिष्ट आहे समजायचं. इथे तर अख्ख्या बिल्डिंगला ठसका लागला! म्हणजे दिष्ट नव्हतीच."

अगदी बिनतोड मुद्दा होता. पण विहीणबाई खोकत खोकत म्हणाल्या, "याला बरं एवढं सगळं माहीत!"

पुढच्या शुक्रवारी ब्रदरांनी मला आणि बायकोला घरी बोलावलं. 'फक्त चहाला.' गेलो तर निम्मा ग्रुप भिंतीला टेकून बसलेला, मध्ये एक रिकामी खुर्ची. चहा होता, पॅटिसही होती. ती मात्र माझ्यापासून लांब ठेवलेली, बहुधा मी त्यांना चांगलं म्हणू नये म्हणून. दोन दिवस काळजीने पोटात जळजळत होतं, म्हणून फार्मसीवाल्याने दिलेल्या गुलाबी गोळ्या मी चघळत होतो. हे इथे सांगून ठेवतो, कारण मला स्वतःलाच त्याचं महत्त्व तेव्हा कळलं नव्हतं.

ब्रदर घसा साफ करून म्हणाले, "आपण अंधश्रद्धा मानत नाही. ते पाप आहे."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"म्हणून अगदी शांतपणे विचारतो. जीभ दाखवा."

"काय?"

"काळ्या जिभेच्या माणसाचं बोलणं बाधतं, असं लोक म्हणतात. आपण मानत नाही. पण लोकांची खात्री पटवायला हवी. तुम्ही जीभ दाखवा, ती लाल निघेल, विषय मिटेल."

मला वाटलं, एवढंच ना? डॉक्टरला दाखवतात तशी हनुवटीपर्यंत जीभ बाहेर काढली.

सगळे बघायला पुढे वाकले. मग विहीणबाई किंचाळल्या. ताईंनी मोठ्याने 'मी विश्वास ठेवतो' ही प्रार्थना म्हणायला सुरुवात केली आणि मधलं विसरून पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. ब्रदर मागे सरकता सरकता पॅटिसच्या ताटात बसले. मी जीभ बाहेरच ठेवून विचारत होतो, "क्हाय झ्हालं? क्हाय झ्हालं?" त्याने परिस्थिती काही सुधारली नाही.

बायकोने पर्समधला आरसा समोर धरला. जीभ काळी. काजळ फासल्यासारखी काळीकुट्ट. खरं सांगतो, पहिला विचार माझ्याही मनात हाच आला, की अरे देवा, मी खरंच आहे की काय!

रात्री भाचीला फोनवर दाखवली. ती इतकी हसली की फोन हातातून पडला. "मामा, गुलाबी गोळ्या खाल्ल्यास ना? त्यांनी जीभ काळी होते. बंद कर, दोन दिवसांत जाईल."

गेलीही. मी लाल जीभ घेऊन घरोघर फिरायला तयार होतो. पण विहीणबाईंचं म्हणणं वेगळंच. "गोळ्या तर सगळेच खातात. मग यांचीच जीभ कशी काळी झाली?" आणि ती लाल झाली तेव्हा, "बघा, लपवली!"

आता मी थोडासा बदमाष माणूस आहे हे कबूल. काही दिवस मी या पदाचा मजेत उपभोग घेतला. कुणी आपली गाडी माझ्या पार्किंगच्या जागेत लावली की काचेशी जाऊन नुसतं "वा, काय गाडी..." एवढंच म्हणायचं, मालक धावत येऊन काढायचा. जेवणात चांगला तुकडा मला न मागता मिळू लागला, मी दुसऱ्याच्या ताटाकडे बघू नये म्हणून. माझा मुलगा म्हणाला, "डॅड, कॅन यू प्रेज माय मॅथ्स टीचर?"

पण मग विहीणबाईंचा निरोप आला. टोस्ट ब्रदर उचलतील. मामांनी मागच्या टेबलावर बसावं आणि शक्यतो बोलू नये.

त्या संध्याकाळी भाची आली, पण ताटात हात घातला नाही. "मी सांगितलं त्यांना, मामाच उचलेल. त्या रडायला लागल्या रे. ओरडल्या असत्या तर मी भांडले असते." मग तिने सांगितलं. मुलाचं लग्न आधी एकदा ठरलं होतं. साखरपुड्याला कुणीतरी पाहुणी म्हणाली, काय शोभून दिसतो जोडा! आणि महिन्याभरात मोडलं. तेव्हापासून मुलाला कुणी चांगलं म्हटलं की त्या माउलीचा हात जपमाळेकडे जातो.

मी चेष्टेत घेत होतो ते एकदम संपलं. ती बाई माझ्यावर चिडली नव्हती. ती घाबरली होती. आणि इकडे ही पोर, जिचा बाप नाही. एकीचं मन राखावं तर दुसरीचं मोडणार.

"ब्रदरांना उचलू दे," मी म्हणालो. "मी टाळ्या वाजवीन. जोरात."

तिने फुगा उचलला आणि परत ताटात ठेवला.

लग्न छान झालं. (छान हा शब्द आज इतक्या वर्षांनी बिनधास्त वापरतोय.) झल्लाकचं हॉटेल, काचेपलीकडे समुद्र, आत फुलं. मी ठरल्याप्रमाणे मागच्या टेबलावर बहिणीशेजारी, तोंड मिटून. केक कापला. ब्रदर हातात द्राक्षाच्या रसाचा ग्लास घेऊन माइककडे निघाले. तेवढ्यात भाचीने तो ग्लास त्यांच्या हातातून अलगद काढून घेतला, पांढरा झगा सावरत अख्खा हॉल ओलांडला आणि माझ्यासमोर धरला.

"मामा. यल्ला, चल."

हॉलमध्ये खाजवण्याचासुद्धा आवाज नाही. मी विहीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी जपमाळ दोन्ही मुठींत धरली होती, आणि ओठ पांढरे पडले होते. बहिणीने मला कोपराने ढोसलं. पाय माइकपर्यंत कसे गेले देव जाणे.

आणि तिथे उभा राहिल्यावर मला सुचलं. मी ज्याचं कौतुक करतो ते मोडतं ना? मग कौतुक कशाला करायचं?

"मंडळी," मी म्हणालो, "हा नवरा मुलगा नीट बघून घ्या. उंची बेताची, अक्कल त्याहून बेताची. गाडी अशी चालवतो की आमची कंपनी त्याच्या नावाने स्वतंत्र माणूस ठेवणार आहे. कोट भाड्याचा दिसतोय. भाड्याचा नसेल तर आणखी वाईट."

कुणीतरी फिसकन हसलं.

"आणि ही माझी भाची. हिच्या हातचा चहा प्यायले की पेशंट ताबडतोब बरे होतात, पुन्हा प्यावा लागू नये म्हणून. मेलेल्या लाजराला थडग्यातून उठवायला प्रभूला एक हाक पुरली. हिला सकाळी उठवायला प्रभूलाही दोनदा यावं लागेल. असा हा विजोड जोडा! यांच्या घरात कधी शांतता नांदू नये. यांनी रोज भांडावं. इतकं भांडावं, की एकाला माहेरी जायचं असेल तर दुसऱ्याने वाटभर भांडायला सोबत जावं. पोरं होतील ती माझ्यासारखी होवोत!"

"नको, नको!" बायको मागून ओरडली आणि हॉल फुटला. मी विहीणबाईंकडे बघायला घाबरत होतो. बघितलं तेव्हा त्या उभ्या होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडाने ओरडत होत्या, "मामा, नाक राहिलं! माझ्या मुलाचं नाक राहिलं!"

"त्या नाकाबद्दल काय बोलावं! नाक आधी चर्चमध्ये पोचलं, मुलगा मागाहून आला."

ब्रदर गंभीरपणे म्हणाले, "आमेन." त्यांच्या तोंडून आलेला तो एकमेव विनोद, त्यांना कळला नाही. ग्लास वर गेले. भाची माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती, आणि माझा कोट ओला होत होता.

त्यानंतर माझा धंदा तेजीत आहे. कुणी नवी गाडी घेतली की फादर पवित्र पाणी शिंपडतात आणि मी बाजूला उभा राहून म्हणतो, "काय भंगार उचललंय!" मग मालक समाधानाने किल्ली फिरवतो. ब्रदर अजूनही अंधश्रद्धा मानत नाहीत. नवा एसी बसवला तेव्हा मात्र मला चहाला बोलावलं.

पुढच्या वर्षी भाचीला मुलगी झाली. आम्ही बघायला गेलो. विहीणबाईंनी दुपट्यात गुंडाळलेलं ते गाठोडं माझ्या हातात दिलं. "मामा, बोला काहीतरी वाईट."

मी बघितलं. एवढंसं तोंड, मिटलेल्या मुठी, आणि कपाळ अगदी भाचीच्या वडिलांचं. शिव्यांचा माझा सगळा साठा एकदम आटला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. "माकड," मी कसंबसं म्हणालो. "एकदम माकड आहे."

विहीणबाईंनी निःश्वास टाकला, वाकून बाळाचा गाल कुरवाळला आणि बोलून गेल्या, "कसली गं गोड दिसतेस तू!"

विहीणबाईंनी झटकन तोंडावर हात ठेवला. भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी बाळ तिच्या मांडीवर ठेवलं, घसा साफ केला आणि अगदी ब्रदरांच्या आवाजात म्हणालो,

"विहीणबाई, आपण अंधश्रद्धा मानत नाही. जीभ दाखवा बघू."

आणि त्या माउलीने हात बाजूला करून खरंच हनुवटीपर्यंत जीभ बाहेर काढली.